न चाखता केलेला फुलोरा

मी बोट चाटलं.

बस, एवढंच. परातीत रवा-मैद्याचा गोळा मळून झाला होता, बोटाला दुधात विरघळलेली साखर आणि थोडं पीठ चिकटलं होतं, आणि पन्नाशीला टेकलेला हात मालकाला विचारून काही करत नाही. तो आपोआप तोंडाकडे गेला. साखर अगदी बरोबर पडली होती. ‘झकास’ म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी सहावीतली मुलगी अशी किंचाळली की माझ्या हातून परात सुटता सुटता राहिली.

“बाबाऽऽ! तुम्ही चाटलं!”

“कुठं चाटलं?”

“आत्ता! माझ्यासमोर! सगळं उष्टं झालं न!”

तिचा तिसरीतला भाऊ पाटावर बसून लाटण्याशी खेळत होता. तो आनंदाने उभाच राहिला. “मंग हे आता आपल्याले खायले?”

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बायको बसली होती. तिथून तिला आमच्या फक्त पाठी दिसत होत्या. “काय झालं वं? काहून ओरडून राहिली?”

“आई, बाबांनी बोट चाटलं!”

खुर्ची आधी कुरकुरली. मग म्हणाली, “पहिले हात धुवा. मंग ते पीठ बाजूले ठेवा. अन् मंग मले सांगा, रवा उरला का?”

बाकीच्या महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या नागपुरात महालक्ष्म्या. त्या दोघी येतात, सोबत त्यांची लेकरंही येतात, आणि त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. फुलोरा म्हणजे तळून केलेला साजशृंगार. पिठाची वेणी, पिठाची फणी, आरसा, करंडा, शिवाय करंज्या आणि पापड्या. हे सगळं दोऱ्यात ओवून मखरावरच्या काठ्यांना लटकवायचं. आमच्या घरचं सोवळं फार कडक नाही. आंघोळ करून धुतलेले कपडे घातले की झालं. पण एक नियम मात्र अजून कुणी मोडलेला नव्हता: देवीला दाखवेपर्यंत त्यातलं काही चाखायचं नाही. मीठ पाहायचं नाही, साखर पाहायची नाही, बोट चाटायचं नाही.

आतापर्यंत महालक्ष्म्या मोठ्या भावाकडे बसत. यंदा भाऊ-वहिनी सण होताच घर आवरून मुलाकडे पुण्याला राहायला जायचे होते, म्हणून त्या पहिल्यांदा आमच्या फ्लॅटवर येणार होत्या. माझ्या बायकोसाठी ही केवढी गोष्ट होती, ते मला तिच्या पडदे धुण्यावरून कळत होतं. लग्न होऊन आल्यापासून वहिनींच्या घरी तिच्याकडे एकच काम असे, फुलोरा ओवायचं. करायच्या वहिनी, ओवायची ही. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, पण एकदा वाटून गेलेलं काम आमच्याकडे बदलत नाही. दरवर्षी घरी परत येताना ती स्कूटरवर मागे बसून म्हणायची, “मी केला असता तर वेणी अजून बारीक केली असती.” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या वाक्यावर मी आपोआप गिअर बदलायचो.

आणि यंदा, वेणी बारीक करायची वेळ आली तेव्हा, महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी मखर ठेवायची जागा धुताना ती घसरली. उजवं मनगट. धंतोलीतल्या दवाखान्यात जाऊन प्लास्टर घालून आलो. परतताना ती रडली नाही, हाताकडे पाहतही नव्हती. नुसतं एवढंच म्हणाली, “आता फुलोरा?”

वहिनींनी फोनवर मार्ग काढला. “भाऊजी, तिच्या हाताले त्रास नका देऊ. आजकाल बाजारात तयार भेटते, मस्त भेटते. मी उद्या संध्याकाळी मुखवटे घेऊन येतो न, येता येता डबा घेऊन येतो.”

वहिनी काळजीनेच बोलत होत्या. पण फोन स्पीकरवर होता. बायको ऐकत होती. ती उठली आणि डाव्या हाताने पडदा सरळ करायला लागली. पडदा सरळच होता.

तेव्हा मुलगी म्हणाली, “काकू, नका आणू. आम्ही करतो.”

“कोण आम्ही?”

“मी, हा, अन् बाबा.”

यातलं ‘बाबा’ हे नाव ऐकून वहिनी फोनवर हसल्या. मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “करा गा, करा. मी डबा आणतोच. नाही जमलं तर तो टांगू.”

तर डाव असा होता. वहिनी दिवेलागणीच्या आधी येणार. तोवर काठ्यांना आमचा फुलोरा लटकलेला असला तर ठीक, नाहीतर बायकोच्या पहिल्या महालक्ष्म्यांवर दुकानाचा फुलोरा. आणि मी सकाळीच पहिली परात उष्टी करून बसलो होतो.

रवा उरला होता. मैदाही उरला होता. मी उजवा हात स्वच्छ धुतला आहे की नाही हे मुलीने स्वतः तपासलं आणि मग मला एक रुमाल दिला. “हा तोंडाले बांधा.”

“मी काय डाकू आहो?”

“बांधा.”

मी बांधला. मुलाला ते इतकं आवडलं की त्यानेही बांधला. मग मुलीनेही. असे तीन डाकू परातीभोवती बसले.

मुलांना स्वयंपाक शिकवायचा, हा माझा फार जुना बेत होता. त्या बेतात मी ओट्यापाशी उभा राहून हातवारे करत असे आणि मुलं तोंडाचा आ करून ऐकत असत. प्रत्यक्षात मला चहा येतो आणि एक झुणका येतो, ज्याचं कौतुक घरचे लोक तो खाऊन झाल्यावर करत नाहीत, खायच्या आधी करतात. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ पाहू का विचारलं, तर दाराबाहेरून लगेच आवाज आला, “नको. ते लोक दर मिनिटाले चाखून दाखवतात. तुमचे बाबा पुन्हा बिघडतील.”

दुसरं पीठ मी मळलं. साखर किती, ते पहिल्या वेळच्या अंदाजाने. तो अंदाज मी चाखून पक्का केला होता, हे मी मनात म्हणालो, मोठ्याने नाही. पीठ थोडा वेळ ओल्या फडक्याखाली ठेवून मग कुटायचं असतं. वरवंट्याने! हे कळल्यावर मुलाने रुमालातून अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरून फोन आला. तो कुटत होता, मी परात धरून होतो, मुलगी गोळा उलटत होती, आणि बाहेरून बायको फक्त आवाजावरून सांगत होती.

“अजून कूट. आवाज कोरडा येऊन राहिला.”

“आता?”

“अजून.”

“आता, आई?”

“हं. आता नरम वाजते. थांब.”

मी गोळ्याला हात लावून पाहिला. खरंच लोण्यासारखा झाला होता. मी दाराकडे पाहिलं. प्लास्टरचा हात मांडीवर, डोळे मिटलेले, अशी ती बसली होती.

मग आकार. वेणीचं काम मुलीने घेतलं. तीन दोऱ्या वळल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत त्या गुंफल्या, आणि अशी बारीक, घट्ट, टोकाशी निमुळती वेणी पाटावर ठेवली की मी माझ्या हातातला गोळा पाठीमागे लपवला. शाळेला जाताना ती रोज स्वतःची वेणी घालते. तिला पीठ म्हणजे जरा आखूड केस वाटले असतील. आरसा मी केला. गोल, खाली दांडा.

“बाबा, हे पिंगपाँगची बॅट आहे,” मुलगा म्हणाला.

“आरसा आहे.”

“मंग यात चेहरा काहून नाही दिसत?”

त्याने फणी केली. सुरीने दाते पाडताना तो जीभ बाहेर काढतो, पण रुमालामुळे जीभ कुठे गेली ते दिसलं नाही. फणीला एका बाजूला बारीक दाते आणि दुसऱ्या बाजूला जाड दाते केले होते, उवांसाठी वेगळे. मग तो विचारात पडला. “देवीले फणी चालते, आरसा चालते, तर चार्जर काहून नाही चालत?”

“देवी नटायले येते,” बाहेरून उत्तर आलं, “चार्ज व्हायले नाही येत.”

“पण तिच्या पोट्ट्यांले काय आहे मंग? ते तिथं तीन दिवस नुसते उभे राहतील?”

या प्रश्नावर बाहेर खुर्ची सरकली. मला वाटलं, आता रागावते. पण ती म्हणाली, “त्यांच्यासाठी बॅट कर एक. लहान. अन् चेंडू पण कर, नाहीतर भांडतील.”

मी कढई चढवली आणि इथे मला वाटलं, आता माझा अनुभव कामी येणार. मुलाला गॅसपासून लांब, दारापाशी उभं केलं. मुलीला बाजूला घेतलं. चिमणीचा पंखा पूर्ण जोरात लावला आणि गुरुजींच्या आवाजात सुरुवात केली, “हे बघ बेटा, तेल तापलं की नाही हे—”

“पहिले तो पंखा बंद करा!”

“अगं, धूर होईल.”

“होऊ द्या. ऐकू नाही येऊन राहिलं मले काही.”

पंखा बंद झाला. स्वयंपाकघर एकदम शांत झालं. मग ती मुलीशी बोलायला लागली, मला वगळूनच. “पिठाची एक गोळी सोड. तडतडली तर तेल जास्त तापलं. गपचूप बुडाशी बसली तर थंडं आहे. बारीक सूर धरला न, की बरोबर. काय म्हणून राहिली?”

मुलीने गोळी सोडली आणि कढईकडे कान केला. आम्ही सगळे थांबलो. मला तर काहीच ऐकू आलं नाही.

“गपचूप बसली.”

“थांब मंग.”

दुसरी गोळी. “आई, तडतडली!”

“बारीक कर गॅस. थोडं थांब.”

तिसरी गोळी. मुलीचे डोळे मोठे झाले. “आई! सूर! सूर धरला!”

“मले येऊन राहिला ऐकू. सोड आता वेणी, कडेनं सोड, हात वर नको नेऊ. अहो, तुम्ही तिच्या मागं उभे राहा. फक्त उभे राहा.”

मी फक्त उभा राहिलो. पहिली वेणी तेलात गेली, एकदा बुडाली, मग वर आली आणि फुलली. एकही पदर सुटला नाही! मुलगी जागच्या जागी उड्या मारायला लागली, मी तिचा दंड धरला, आणि खरं सांगायचं तर मीही थोडी उडी मारली.

पण काढायची कधी, हा प्रश्न होताच. रंगावर माझा भरवसा नव्हता. आमच्या ओट्यावरचा दिवा पिवळा, त्यात सगळंच सोनेरी दिसतं, मीसुद्धा. चाखायची तर सोय नाही. बायको म्हणाली, “वासाकडे लक्ष द्या. पहिले दुधाचा वास येते, मंग—”

“बिस्कीटचा!” दारापाशी उभा असलेला मुलगा ओरडला. “बिस्कीटचा वास येऊन राहिला!”

“काढा! काढा!”

मुलीने झारा घातला आणि वेणी बाहेर. सोनेरी, कडक, एकसारखी. त्यानंतर सगळी तळणी याच पद्धतीने झाली. मुलगी कानाने सोडायची, मुलगा नाकाने काढायला सांगायचा, मी झाऱ्यातून तेल निथळायचो. “सूर!” “बिस्कीट!” “सूर!” “बिस्कीट!” माझा आरसा तेलात टम्म फुगून खरंच बॅटसारखा झाला, आणि बॅट सपाट राहून आरशासारखी झाली, तेव्हा मुलांनी आपापसात ठरवून दोन्ही नावं बदलून टाकली. ताटं भरत होती. करंज्या वाकड्या होत्या, पण एकही फुटली नव्हती. स्वयंपाकघरभर तेलाचा, दुधाचा, बिस्किटाचा वास. तिघांच्याही तोंडाला रुमाल, रुमालाआड पाणी सुटलेलं, आणि एक कणसुद्धा कुणाच्या तोंडात गेला नव्हता. इतका वेळ न खाता स्वयंपाकघरात राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.

शेवटची पापडी निथळली, मी गॅस बंद केला, रुमाल काढला आणि ताटं घेऊन विजयी वीरासारखा दाराबाहेर आलो. बायकोने ताटाकडे पाहिलं. वेणी डाव्या हातात उचलली, प्रकाशात धरली, फिरवून पाहिली.

“बारीक घातली वं,” ती मुलीला म्हणाली. बराच वेळ पाहत राहिली. मग पापडी उचलली, फिरवली, दुसरी उचलली, फणी उचलली. तिचा चेहरा बदलला.

“अहो, भोकं कुठं आहेत?”

“कसली भोकं?”

“ओवायले! दोरा कुठून घालायचा?”

तळायच्या आधी प्रत्येकाला काडीने भोक पाडायचं असतं. तळल्यावर पडत नाही, वस्तूच तुटते. हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण इतकी वर्षं तिच्या हातात फुलोरा बहुतेक भोकं पाडूनच येत होता. मी सुई घेऊन एका पापडीवर प्रयत्न केला. पापडीचे तीन तुकडे झाले. मुलगा तुकड्यांकडे पाहत म्हणाला, “हे आता खायले?”

तेवढ्यात वहिनींचा फोन. “भाऊजी, आम्ही लकडगंजातून निघालो. डबा घेतला. मस्त आहे!”

पुन्हा मळायला ना रवा होता ना वेळ. मुलीचा चेहरा रडवेला झाला. मी म्हणालो, “जाऊ दे. वहिनींचा टांगू. आपला खाली ताटात ठेवू, शोभून दिसेल.” असं म्हणून मी बायकोकडे पाहिलं आणि वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

ती उठली. “सुताचं बिंडल आणा. जाड. अन् सगळे खाली बसा.”

खाली बसून, एका हाताने, तिने दाखवायला सुरुवात केली. इतकी वर्षं ओवताना एखादी पापडी भोकाविना आलीच की ती काय करायची, ते आम्हाला कधी माहीतच नव्हतं. सूत दुहेरी घ्यायचं, पापडीच्या पोटाखालून फुली घालायची, कडेच्या खाचेत अडकवायचं, आणि वर गाठ अशी मारायची की वजनाने ती आपोआप आवळते. वेणीला पदरांच्या मधून. फणीला दात्यांतून. “फणीले तर भोकं भल्ली आहेत, एवढे दाते पाडले या पोट्ट्यानं.” ती डाव्या हाताने पापडी धरायची, मुलगी गाठ मारायची. पहिली सुटली. दुसरीही सुटली. तिसरी आवळली.

“आली! आली!”

मुलीने उरलेला दोरा तोडायला तोंडाकडे नेला, आणि आम्ही तिघं एकदम ओरडलो, “दात नकोऽऽ!” ती इतकी दचकली की हसत सुटली, मग सगळेच हसायला लागलो, हसता हसता बायकोचं प्लास्टर ताटावर आपटलं आणि एक करंजी घरंगळत निघाली. मुलाने ती झेप घेऊन झेलली. त्याला मैदानावर आजवर एकही झेल घेता आला नव्हता.

मग मात्र घाई. मी स्टुलावर, मुलगा स्टूल धरून, मुलगी एकेक वस्तू गाठ घालून वर देतेय, बायको खालून पाहतेय.

“डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे.”

“माझ्या डावीकडेच आहे.”

“मंग माझ्या. वेणी दोघींच्या मधोमध. बॅट खाली, लेकरांच्या हाताशी. वर काहून बांधून राहिले? ते पोहोचतील का तिथं?”

शेवटची पापडी बांधताना खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी स्टुलावरून उतरलो, म्हणजे जवळजवळ पडलोच. मुलं ताट आणि चमचा घेऊन दाराकडे पळाली, कारण महालक्ष्म्या घरात येताना ताट वाजवायचं असतं. बायकोने डाव्या हाताने हळदीकुंकवाची पावलं दारापासून काढली होती, ती जरा वाकडी होती. वहिनी लाल कापडाखाली मुखवटे घेऊन दारात उभ्या. मागे भाऊ, त्याच्या हातात दुकानाचा चकचकीत डबा.

पावलापावलाने वाजतगाजत सगळे आत आले. वहिनी मखरापाशी थांबल्या आणि वर पाहिलं. काही पापड्या फिरत होत्या. एक करंजी दुसरीला टेकली होती. भोक कुठेच नव्हतं, सगळीकडे पांढऱ्या सुताच्या फुल्याच फुल्या. बायको वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि मी बायकोच्या.

वहिनींनी हात वर करून एका पापडीखालची गाठ चाचपली. मग वेणी पाहिली. “ही कोणं केली?”

“मी,” मुलगी म्हणाली.

“माझ्यानं एवढी बारीक कधीच नाही झाली.” मग भावाकडे वळून त्या म्हणाल्या, “तो डबा काय धरून उभे आहात? आत ठेवा. पोट्टे खातील. तोंडाले रुमाल बांधून भुकेजले असतील.”

रुमाल बांधल्याचं त्यांना कसं कळलं म्हणून मी वळून पाहिलं, तर मुलाने अजून काढलाच नव्हता.

स्थापना झाली, आरती झाली. मुलं दुकानाचा डबा उघडून बसली. आमच्या फुलोऱ्याची चव कळायला अजून अवकाश होता, आणि त्याची मला धाकधूक होती. पण त्याहून मोठी धाकधूक वेगळीच. बायको मखरासमोर खुर्चीवर बसून वर पाहत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. इतकी वर्षं जे तिला स्वतः करायचं होतं, ते शेवटी तिच्या हातून झालं नव्हतं. ना वेणी, ना गाठी, ना टांगणं.

मी हळूच म्हणालो, “तुझ्या हातचा नाही झाला ना.”

तिने नजर खाली केली नाही. “हात काय, कोणाचेही चालतात,” ती म्हणाली. “बोंबलायले मात्र मीच पाहिजे होती. चहा ठेवा आता, घसा बसला माझा.”